अनंताचं पाणी

आमच्या घरात भांडण कधीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण ऐकणाऱ्याला पहिली शंका तीच येते. दादा आणि मी एकाच छपराखाली वाढलो, म्हातारे झालो, पण एकमेकांशी थेट बोलायची सवय काही आम्हाला लागली नाही. लहानपणी मध्ये आई होती. आई गेली तोवर वहिनी आली होती. "तिला म्हणावं, व्हरांड्यातला दिवा बंद करत जा," असं दादा वहिनीला सांगायचा, मी समोर उभी असताना. मग मी वहिनीला सांगायची, "त्याला म्हणावं, दिवा त्यानेच लावला होता." वहिनी भाजी चिरता चिरता म्हणायची, "ऐकलंत ना दोघांनी? झालं तर मग." इतकं सोपं होतं सगळं.

वहिनी गेली आणि मधलं माणूसच उरलं नाही. येणारे-जाणारे होते तोवर निभावलं, नंतर आम्ही दूधवाल्यावर आलो. "साहेबांना विचार, उद्या कमी घेतलं तर चालेल का," मी दारात उभी राहून म्हणायची, आणि साहेब हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले. दूधवाला बिचारा एकदा माझ्याकडे बघायचा, एकदा त्याच्याकडे. या घरात कुणाचं तरी डोकं फिरलंय, एवढं त्याला नक्की कळलं असणार, फक्त कुणाचं ते कळत नसावं. तो गेला की दिवसभर घरात भांड्यांचा काय तो आवाज. मी जन्मभर हॉस्पिटलात नर्स होते. वॉर्डात माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. घरी आले की दातखीळ बसायची. एकटं राहणं मला जमलं असतं, पण समोर माणूस असून एकटं राहणं मला कधी जमलं नाही.

घराच्या पुढे-मागे जी काही माती होती, ती वहिनीची. झाडं निवडायची तिची एक तऱ्हा होती. फुलं बघून भुलणाऱ्यातली ती नव्हती. आधी ती अंगणात खुर्ची टाकून बसायची आणि ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत जायची. ऊन कुठे टिकतं, पाणी कुठे तुंबतं, वारा कुठल्या कोपऱ्यातून येतो, हे सगळं बघून झालं की मगच ती रोपवाल्याकडे जायची. म्हणून तापणाऱ्या भिंतीवर बोगनवेल, मागे मोकळ्यावर लिंबू, आणि जिन्याखाली जिथे नळ सदा पाझरतो तिथे नेचे. ज्याची त्याची सोय ज्याच्या त्याच्या जागी. माझीही तिने तशीच लावली होती म्हणा, मागच्या दाराजवळ, सकाळचं ऊन येणाऱ्या खोलीत.

फक्त अनंताच्या बाबतीत तिने हट्ट केला. रोपवाला नको म्हणत होता. "फार नखरेल झाड आहे, बाई. ऊन कमी पडलं तरी रुसतं, जास्त पडलं तरी रुसतं."

"घरात दोघं आहेत तशी," वहिनी म्हणाली. "तिसरं काही जड नाही."

मागच्या पायरीशेजारी मोठ्या कुंडीत तिने तो लावला, माती उडू नये म्हणून वर गोल खडे पसरले, आणि झारीला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तिच्या हाताखाली तो असा फुलायचा की वास थेट स्वयंपाकघरात यायचा.

वहिनीनंतर दादाच्या मुलाचे फोन सुरू झाले. तो नोकरीच्या निमित्ताने दूर असतो. "बाबा, आता इकडे या. तिथे काय ठेवलंय?" दादाला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर, आणि घर लहान. भाचा मलाही म्हणायचा, "आत्या, तूही ये ना." पण ते कसं, तर स्वतः बाहेर निघताना पायात चप्पल घालता घालता पाहुण्याला चहा विचारावा तसं. मी कशाला जाते?

एकदा मी स्वयंपाकघरात असताना दादाचं उत्तर कानावर पडलं. "तुझ्या आईचा अनंत आहे इथे. तो आहे तोवर मी हलत नाही."

हातातलं पातेलं मी तसंच धरून उभी राहिले. इथे बहीण आहे, असं काही तो म्हणाला नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट लख्ख कळली. झाड राहिलं तर दादा राहणार. झाड गेलं तर दादा जाणार, आणि या घरात मी एकटी उरणार. त्या दिवसापासून मी झाडाच्या मागे लागले.

दादाने उभ्या जन्मात झारी हातात धरलेली मी पाहिली नव्हती. म्हणजे पाणी घालायचं ते मीच, हे मी धरूनच चालले. विचारायचं कुणाला? त्यातून बायकोच्या झाडाला मी हात लावलेला त्याला खपेल की नाही, कोण जाणे. म्हणून दुपारी तो आडवा होऊन घोरायला लागला की मी चोरपावलांनी मागच्या दाराने जायची आणि झारी रिकामी करून यायची. वरचे खडे उन्हाने ठणठणीत कोरडे असायचे. ते बघून मला वाटायचं, बिचारं कालपासून तहानलेलं आहे.

हळूहळू पानं पिवळी पडायला लागली. कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या, आणि मग झाडाने मान टाकली. मी पडले नर्स. मान टाकलेला, कोमेजलेला पेशंट दिसला की मला पाण्याशिवाय दुसरं काही सुचत नाही. मी झारी दोनदा भरायला लागले. दादाही त्या दिवसांत मागच्या पायरीवर जाऊन बसायचा. कुंडीकडे बघायचा, माझ्याकडे बघायचा, तोंड उघडायचा आणि मिटायचा. त्याला वहिनीची आठवण येत असेल म्हणून मी आत निघून जायची.

शेवटी रोपवाल्याला बोलावलं. आला तो गप्पा मारतच आला, पण कुंडीपाशी बसून त्याने खडे बाजूला केले आणि त्याचं तोंड बंद झालं. खाली चिखल होता. कुंडी आडवी करून त्याने झाड बाहेर ओढलं तशी कुबट घाण आली. मुळं काळी पडली होती, आणि त्याने नुसतं बोट लावलं तरी ओल्या सुतळीसारखी सुटून येत होती.

"पाणी कोण घालतं?" त्याने विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"मी," दादा म्हणाला.

दोघांचं उत्तर एकदमच आलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"कधी घालता?"

"सकाळी," दादाने रोपवाल्याला सांगितलं. "ही आंघोळीला गेली की."

"आणि बाई, तुम्ही?"

"दुपारी. दादा झोपला की."

"रोज?"

"रोज," दादा म्हणाला. मी नुसती मान हलवली.

"म्हणजे दोघांनी मिळून बुडवलंत की त्याला," रोपवाला हसत म्हणाला, आणि आमचे चेहरे बघून हात झटकत उठला.

वॉर्डात माझा एक नियम होता. औषध दिलं की तिथल्या तिथे सही करायची, आणि ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला तोंडाने सांगायचं, 'दिलंय'. नाहीतर दुसरी येऊन तेच औषध पुन्हा देते. नव्या पोरींना मी हे घसा फोडून शिकवलं. आणि घरी, एका कुंडीच्या दोन बाजूंना राहणारी आम्ही दोन माणसं, एकमेकांना 'घातलंय' एवढंसुद्धा सांगू शकलो नाही.

"वाचेल का?" दादाने विचारलं.

"कशावर वाचणार? मुळंच नाही राहिली."

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन आला. दादा म्हणाला, "येतो." मी ताटं वाढत होते. जाऊ नकोस, असं म्हणायला मी खरंच तोंड उघडलं होतं. पण मी भाजी वाढली. आम्ही जेवलो आणि मी भांडी घासली.

निघायचा दिवस जवळ आला तेव्हा एका सकाळी दादा कपडे करून दारात उभा राहिला आणि हवेत बोलला, "ती कुंडी रिकामी बरी नाही दिसत. काहीतरी लावायला हवं." मी पर्स घेतली. वहिनीशिवाय आम्ही दोघं कुठे गेल्याचं मला तरी आठवत नाही.

रोपवाला आम्हाला बघून खूश झाला. ऊन किती येतं, त्याने विचारलं. मी वहिनीसारखं सांगितलं, सकाळी चांगलं, मग जिन्याची सावली, आणि वारा लिंबाकडून.

"आणि बघायला घरात माणसं किती?"

"दोघं," मी सवयीने म्हणाले.

"एक," दादा म्हणाला. "एकटीच असते. तिचे गुडघे दुखतात, भरलेली झारी उचलवत नाही. फार पाणी मागणार नाही असं काहीतरी द्या."

माझे गुडघे दुखतात हे त्याला कधी कळलं, देव जाणे. मी कधी सांगितलं नव्हतं.

रोपवाल्याने अडेनियम पुढे केलं. खाली फुगलेलं खोड, वर चार पानं. "हे पाणी आपल्या पोटातच साठवून ठेवतं. विसरलात तरी चालेल. तक्रार म्हणून नाही करायचं."

"हेच द्या," दादा म्हणाला. त्याला ते फार पसंत पडलेलं दिसत होतं.

मी पलीकडे अनंताच्या रोपांपाशी उभी होते. "यांना सांगा," मी रोपवाल्याला म्हटलं, "मला विसरून चालणारं झाड नकोय."

"तिला म्हणावं, हट्ट करू नये. एकटीला झेपायचं नाही."

रोपवाल्याचा अगदी दूधवाला झाला होता. त्याने अडेनियम कागदात गुंडाळलं.

परतताना टॅक्सीत ते रोप आमच्या दोघांच्या मध्ये सीटवर होतं. पुढे ड्रायव्हर होता, म्हटलं तर त्यालाही सांगता आलं असतं. पण मी दादाकडे वळून बोलले.

"दादा, तू जाऊ नकोस."

त्याला ऐकू आलं.

"आत्ता बोललीस," तो म्हणाला. "अगं, मी त्या झाडाला पाणी घालत होतो ते कशासाठी? पोराला सांगायला काहीतरी निमित्त हवं होतं. बहिणीला सोडून येत नाही म्हटलं असतं, तर त्याने विचारलं असतं, आत्या थांब म्हणाली का? तू तर कधी म्हणाली नव्हतीस."

"तू विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," दादा म्हणाला.

"मग आता म्हणतेय ना."

"त्याने खोली रंगवून घेतलीय. सुनेने माझ्यासाठी कामाची वेळ बदलून घेतली. आता कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

मी रोपाचा कागद सारखा केला.

दादा गेला. आता तो मला फोन करतो, थेट मलाच, मध्ये कुणी नसतं. जेवलीस का विचारतो, गुडघे कसे आहेत विचारतो. मी पण विचारते. आयुष्यात बोललो नाही इतकं आम्ही फोनवर बोलतो. शेवटी तो हमखास म्हणतो, "आणि झाड कसं आहे?"

"चांगलं आहे," मी म्हणते.

"बघ. म्हटलं होतं ना, तुला काही करावं लागणार नाही."

खरंच काही करावं लागत नाही. लिंबाची आणि वेलीची मुळं केव्हाच खोल गेली आहेत, नेचे नळाच्या पाझरावर मजेत आहेत, आणि अडेनियमला माझी आठवणही येत नसावी. तरी रोज दुपारी, ज्या वेळी दादा घोरत असायचा त्या वेळी, मी अर्धी झारी भरून मागच्या पायरीपर्यंत जाते. खाली बसून मातीत बोट घालून बघते. पाणी नकोच असतं. मग मी झारी तशीच आत घेऊन येते.