नमुन्याचे बूट

इंग्लंडात तीन दिवसांच्या अश्वस्पर्धेत घोड्याचे पाय पुन्हापुन्हा तपासतात. स्वाराचे पाय शाबूत आहेत की नाहीत, याची चौकशी कुणी करत नाही. बरोबरच आहे म्हणा, स्वार काय पैशाला पासरी मिळतात.

टॅम्सिन पेनरोझ एकवीस वर्षांची. चार देशांत घोडा पळवून आलेली. शनिवारच्या रानातल्या उड्यांनंतर ती चौथी होती आणि रविवारी आडव्या खांबांवरून मारायच्या उड्या तेवढ्या उरल्या होत्या. त्या साधल्या की देशाच्या तरुण संघात जागा. पण त्याआधी सकाळी स्वारानं स्वतः पायी पळत घोड्याला लगाम धरून परीक्षकांपुढे पळवून दाखवायचं असतं. घोडा लंगडला की खेळ खलास. आणि या दोन मिनिटांसाठी स्वार मंडळी अशी नटतात, की वऱ्हाडानं लाजावं.

घोडा, म्हणजे बिशप, मिसेस वेदरलींचा. बूटही त्यांच्याच दुकानाचे, उंच टाचांचे. फोटोसाठी केलेला नमुन्याचा एकच जोड, पाच नंबरचा. तोच घालून पळायचं, असा त्यांचा हुकूम. टॅम्सिनचा पाय सात नंबरचा.

"जुने घाल, पोरी," बिशपची निगा राखणारी ब्रॉनवेन म्हणाली. वीस वर्षं घोड्यांना खरारा करण्यात गेल्यानं ती माणसांशीही तशीच खरखरीत बोले.

"घोडा त्यांचा आहे, ब्रॉनवेन."

"आणि पाय?"

"ते माझे. म्हणून तर कुणी विचारत नाही."

टॅम्सिन पळाली. चौथ्या पावलाला बुटाची टाच कलंडली, तोल सावरायला ती लगामाला लोंबकळली आणि बिशपची मान पावलागणिक खाली हिसकली. परीक्षकांना दिसला लंगडा घोडा.

"बाजूला घ्या," टोपीवाले परीक्षक म्हणाले.

पशुवैद्यानं चारही पाय चाचपले. काही सापडलं नाही. आणखी एकदा पळवायची संधी मिळाली, शेवटची.

कुत्रं काखोटीला मारून मिसेस वेदरली आल्या. "केस छान बसलेत गं. या खेपेला जरा हसत पळ. फोटोवाले त्या टोकाला आहेत."

टॅम्सिनचं डोकं सटकलं. ती खाली बसली, बूट उपसून काढले आणि मालकीणबाईंच्या हातात कोंबले. "धरा जरा." मग नुसत्या मोज्यांनिशी खडीवरून पळत सुटली. बिशप मान ताठ ठेवून असा पळाला, की टोपीवाले स्वतःच ओशाळले. घोडा पास झाला.

दुपारी सोलवटलेले पाय ब्रॉनवेननं पावडर लावून स्वारीच्या बुटांत ठासले. एकही खांब पडला नाही. टॅम्सिन तिसरी आली आणि बिशपच्या गळ्यात पडून सगळ्यांदेखत रडली. इतकी खूश ती आयुष्यात कधी नव्हती.

संध्याकाळी मिसेस वेदरली केक घेऊन घोड्याच्या लॉरीपाशी आल्या.

"बिशप काय सुंदर पळाला! पुढच्या महिन्यापासून त्याच्यावर ह्यूला बसवतेय. मनाला लावून घेऊ नकोस हं. तो मुलगा मालकाच्या हातात पादत्राणं देत नाही."

टॅम्सिननं केक खाली ठेवला. "आणि माझी संघातली जागा?"

"घोड्याशिवाय कसली जागा, बाळ?"

ब्रॉनवेन काहीतरी सणसणीत बोलणार होती. टॅम्सिननं तिचा दंड दाबला.

"मग मी निघते," ती म्हणाली.

"निघतेस कुठं? लॉरी कोण चालवणार? ह्यूचा तबेला तुझ्या वाटेवरच आहे. बिशपला तिथं उतरव, आणि रात्री तो काय खातो, कसा झोपतो, ते ह्यूला नीट समजावून सांग."

टॅम्सिननं बँडेज बांधलेला पाय क्लचवर ठेवला आणि लॉरी सुरू केली. वळणावर बिशपला हिसका बसू नये म्हणून ती सारी वाट सावकाश गेली.