गिरणीतले रोजे

सओदतला दिसत नाही हे तिच्या नवऱ्याला, तुर्गुनला, कळलं ते इफ्तारच्या वेळी, विहिणीसमोर.

लेकीची सासू ओयिमखान मर्गिलान शहराच्या दुसऱ्या टोकाहून रोजा सोडायला आली होती. सओदतने तिच्यापुढच्या पेल्यात चहा ओतला. पाहुण्याला पेला अर्धाच भरून द्यायची रीत, हा मात्र काठोकाठ.

ओयिमखानच्या कपाळाला आठी पडली. "एवढा भरून, विहीणबाई? म्हणजे हा पिऊन उठा, असंच ना?"

"छे हो! बसा निवांत. आणखी देते," सओदत हसत म्हणाली आणि त्याच भरल्या पेल्यात पुन्हा ओतू लागली. चहा जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरून रोटांखाली गेला. तुर्गुनने तिचं मनगट धरलं तेव्हा ती थांबली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांचा दाब मोजला, मग परत मोजला. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडं उरलं होतं.

"काचबिंदू आहे हे ठाऊक होतं ना? थेंब घालत नव्हता?"

"रोजा असला की सकाळचा नाही घालत."

"पहाटे, सहरीच्या जेवणाआधी घाला की."

"दुपारपर्यंत घसा कडू राहतो, बाई. मग तो रोजा कसला?"

"रमजान एक महिन्याचा. एवढं नुकसान एका महिन्यात होत नाही."

सओदत वर्षभर रोजे धरायची. तरुणपणी ती रेशीम गिरणीत होती. त्या काळी सरकारला रोजे चालत नसत; रमजानात मुकादमीण भरदुपारी पाण्याचा पेला घेऊन मागांमधून फिरायची. जी प्यायची नाही तिचं नाव वर जायचं. सओदत प्याली होती, दर वर्षी. ते रोजे ती आता फेडत होती.

तुर्गुन मशिदीतल्या दोमलांना, म्हणजे इमामांना, विचारून आला. "थेंबाने रोजा मोडत नाही म्हणाले. आणि आजाऱ्याला तसाही माफ आहे."

"दोमलांचा घसा कडू होतो का?"

"अगं, डोळे जातील!"

"पाणी मी प्याले, अहो. तुम्ही नाही."

थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा दाबून धरला की औषध घशात उतरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी दाखवलं होतं. काही दिवस तुर्गुन पहाटे तसं बोट दाबून बसायचा. मग एकदा ती म्हणाली, "आज लागलं कडू." त्यानंतर बाटली बघितली की ती तोंड फिरवायची. तो चिडला, रडला, त्याने लेकीला बोलावून आणलं. काही उपयोग झाला नाही.

थंडी पडेपर्यंत उजवा डोळाही गेला. तरी रोजे चालूच. संध्याकाळी विचारायची, "अंधार पडला का हो?"

वसंताच्या तोंडावर तिच्या छातीत कफ झाला आणि आठवड्यात ती गेली.

तुर्गुनने तिचे उरलेले रोजे आपण धरायचं ठरवलं. दोमला म्हणाले, "दुसऱ्याचा रोजा धरता येत नाही, तुर्गुन. एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घाल. किती राहिले होते?"

ते त्याला ठाऊक नव्हतं. हिशेब तिच्या डोक्यात होता, आणि लेकीलाही तिने सांगितला नव्हता. दोमलांनी अंदाजाने धर म्हटलं. अंदाज कुठून करायचा ते त्याला कळेना.

अजून त्याने एकालाही जेवू घातलेलं नाही.