जबलपूरचं माकड

"राहणं फुकट, खाणं फुकट, आणखी काय पाहिजे?" पुष्करनं मोबाइल रजईवर टाकला आणि किल्ला सर केल्यासारखा मांडी घालून बसला. "उषाआत्याकडे जबलपूरला जायचं. लागतं काय, नुसतं रेल्वेचं तिकीट."

"पापा, जबलपूर?" शिखा किंचाळली. "सब लोग मनाली जा रहे हैं और हम आत्याआजी के घर?"

"मनालीचे हॉटेलवाले तुझे मामा लागतात का? भेडाघाट बघशील तर मनाली विसरशील. विचार आजीला."

आजी म्हणजे मी, इंदू. आमच्या माधवगंज मोहल्ल्यात कुणालाही विचारा, भेडाघाट माझ्यासारखं कुणी सांगत नाही. चांदणी रात्र, दोन्हीकडे संगमरवराच्या उंच भिंती, मधून आमची नाव, आणि नावेच्या पुढे पुढे पोहणारी एक मगर. मगरीच्या नाकात नथ. कुण्या सरदारीणबाईंची पडली होती म्हणे नदीत. आधी गोष्टीत मगर नव्हती, ती मागून आली. पाहुणे वाढले की आमटीत पाणी घालतो, तसं आहे ते.

सीमंतिनी, माझी सून, खाली बसून मटार सोलत होती. एका प्रायव्हेट अस्पतालात नर्स आहे ती. सगळी दिवाळी ड्यूटी केली, त्याच्या बदल्यात आता चार दिवसांची छुट्टी मिळाली होती. मनाली म्हटलं तर म्हणाली चालेल, जबलपूर म्हटलं तरी चालेल. तिनं विचारलं एवढंच,

"आत्यांकडे स्वयंपाकाला बाई आहे का हो?"

"बाई कशाला? तू आहेस ना! आत्याचे गुडघे गेलेत बिचारीचे. तुझ्या हातची गरम पोळी खाईल, आशीर्वाद देईल."

पुष्कर मनाचा वाईट नाही. बापावर गेलाय, दुसरं काय.

"चालेल," सीमंतिनी म्हणाली. आणि मटारचे दाणे टाकले सालांत, सालं टाकली पातेल्यात. ते मी पाहिलं.

मग मला माझं जबलपूर आठवलं, मगरीशिवायचं. लग्नानंतरची दुसरी थंडी. आमची सगळी फौज वन्संकडे, म्हणजे या उषाआत्याकडेच उतरली होती. सगळे भेडाघाटला गेले. आल्यावर भूक लागेल ना लोकांना, म्हणून वन्सं पुऱ्या लाटत राहिल्या, मी तळत राहिले. तिथला तो मोठा धबधबा, धुवांधार, त्याचा आवाज म्हणून मी जो सांगते, तो स्टोव्हचा आवाज आहे. उज्जैनला गेले, तिथली मोरी पाहिली. पुण्याला गेले, तिथे चहाचा डबा फार उंचावर होता, एवढं आठवतं. घरी आलं की गल्लीतल्या बायका विचारायच्या, "काय काय पाहिलं हो?" काय सांगणार? मोरी सांगू?

आणि वन्संचा तर सगळा जन्म जबलपुरात गेला. पण नर्मदेकाठी निवांत अशा त्या एकदाच बसल्या, यजमानांच्या अस्थी सोडायला गेल्या तेव्हा.

"जबलपूरला जायचं नाही," मी म्हटलं. "वन्संकडे माकड आहे."

"माकड?"

"लाल तोंडाचं. स्वयंपाकघरातच मुक्काम. बायकांना काही करत नाही. पुरुष दिसला की आधी चष्मा काढून बाजूला ठेवतं, मग थोबाडीत मारतं. समजूतदार आहे."

शिखा रजईत तोंड खुपसून हसायला लागली. "आजी, कितना फेंकती हो!"

"आई, बस हं आता." पुष्करनं सरळ फोनच लावला. वर स्पीकर सुरू केला.

"आत्या, आम्ही चौघं येऊन राहिलोय तुझ्याकडे. आई म्हणते, तुझ्या घरात माकड आहे?"

पलीकडून नुसता टीव्ही ऐकू आला. सीमंतिनीचे हात थांबले. मी खोकले आणि जरा मोठ्यानंच म्हटलं, "वन्सं, सीमंतिनी पण येतेय हं. छुट्टी मिळालीय तिला. पोळ्या तीच करील, म्हणतो हा."

टीव्ही बंद झाला.

"एक कुठलं रे, दोन आहेत मेली," वन्सं म्हणाल्या. "थोरलं तर ह्यांच्या फोटोवरचा हार गळ्यात घालून दारात बसतं. येणारे-जाणारे नमस्कार करून जातात."

"आत्या, तू पण?"

"यायचं तर ये बाबा. चष्मा तेवढा घरी ठेवून ये."

पुष्करनं फोन ठेवला. माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग तिच्या पुढ्यातल्या पातेल्याकडे. पातेलं सालांनी भरलं होतं. त्यानं त्यातलं एक साल उचलून पाहिलं.

"सीमा, तू काही बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं?" तिनं पातेल्यातली सालं उपसायला घेतली.

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ओरछा बघू का? जवळ आहे. लॉज साधंच मिळेल."

"जेवणाचं?"

"थाळी असते. आपण बसायचं, ते वाढतात."

"आणि ताटं?"

"ती पण तेच घासतात गं."

सीमंतिनी हसली. आणि या वेळी चालेल म्हणाली नाही. "जाऊ या," म्हणाली.

गेलो. कोहऱ्यात पुढचं काही दिसेना म्हणून गाडी रखडली, लॉजवर गरम पाणी माणशी बादलीभर, आणि शिखाचं तोंड पहिला दिवसभर फुगलेलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. बापलेक महाल बघायला गेले. आम्ही दोघी बेतवेच्या काठी दगडांवर बसलो. सीमंतिनीनं सलवार वर खोचली आणि पाय पाण्यात सोडले. तेवढ्यात वन्संचा फोन.

"पोचलात का गं इंदू? कशी आहे नदी? मगर दिसली का?"

मी तोंड उघडलं. मगर येतच होती. या वेळी तिला पैंजण घालायचे असं मी गाडीतच ठरवलं होतं. पण नदी समोरच होती.

"पाणी आहे, वन्सं," मी म्हटलं. "हिरवं आहे. दगडाशी आलं की पांढरं होतं."

"हं. आणखी?"

"आणखी सीमंतिनी बसलीय, पाय सोडून."

"काय करतेय?"

मी नीट पाहिलं. तिचे हात मांडीवर उताणे पडले होते, कुणीतरी तिथे ठेवून विसरून गेल्यासारखे.

"काहीच नाही करत."

मला वाटलं, फोन कटला.

"ठेवू नकोस," वन्सं म्हणाल्या. "जरा नदीकडे धर."

मी फोन पाण्याकडे धरला. हात भरून आला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.