बिघडलेला म्हणे!

मित्रांनो, मी एक जुना कंपास आहे. जुना आहे, बिघडलेला नाही! आणि परकार-गुण्या ठेवायचा डबा तर मुळीच नाही. मी उत्तर दिशा दाखवतो आणि खडकांचे थर कोणीकडे कलले आहेत ते सांगतो.

पितळेचे अंग, वर काच आणि आत टोकावर तोललेली सुई, असा मी एका छोट्या कारखान्यात घडलो. तेथून महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात आलो. विद्यार्थ्यांच्या कितीतरी तुकड्यांबरोबर डोंगर तुडवले. सर म्हणायचे, "एक वेळ माझं चुकेल, याचं नाही." ते ऐकून माझ्या पितळी अंगावरही मूठभर मांस चढायचे.

यंदा मी एका मुलीच्या वाट्याला आलो. वर्गात तिला 'वावटळ' म्हणतात, ते काही उगीच नाही. थरांचा कल नकाशावर मांडायला आम्हाला ज्या डोंगरावर पाठवले, त्याच्या पायथ्याशी एक वस्ती आहे. वरचे थर वस्तीकडे कललेले असतील, तर दरड घरांवर येण्याची भीती. वस्ती झाडीआड होती, वरून दिसत नव्हती. सारी भिस्त माझ्यावर. वावटळीने मला खडकावर ठेवले आणि फोटो काढायला फोन अगदी माझ्या काचेला भिडवला. त्या फोनच्या कव्हरला चुंबक! माझी सुई बिचारी तिकडेच ओढली गेली. मी ओरडणार तरी कसा?

परतल्यावर तिने मला टेबलावर आपटले, शेजारी फोन ठेवला आणि म्हणाली, "सर, हा कंपास गंडलाय. एकाच खडकावर दर वेळी वेगळंच दाखवतो."

सरांनी मला हातातसुद्धा घेतले नाही. "जुना झालाय," म्हणाले आणि माझ्या डबीवर चिठ्ठी डकवली: बिघडलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"मग नकाशाचं काय केलंस?"

"सरासरी काढली, सर. वस्तीला धोका नाही."

खोट्या आकड्यांची सरासरी! आणि तिच्या भरवशावर खाली लेकरे झोपणार!

तेवढ्यात फोन वाजला. ती तो घेऊन दाराकडे गेली आणि माझी सुई सरळ उत्तरेला आली. सर चपापले. "फोन परत आण बरं इकडे." सुई पळाली. "आता लांब ने." सुई परत जागेवर.

वावटळीचा चेहरा पडला. "सर, म्हणजे सगळीच मोजमापं..."

"सगळीच."

"उद्या परत जाते मी."

ती मला घेऊन गेली. फोन मैत्रिणीकडे देऊन तिला दूर उभे केले. थर वस्तीकडेच कललेले निघाले. ती तशीच खाली उतरली आणि दारोदार सांगत फिरली. वरच्या अंगाची घरे पावसाआधी रिकामी झाली.

महाविद्यालयात तिचे कौतुक झाले. चूक कबूल केली म्हणून सरांनी पाठ थोपटली. थोपटावीच. पण माझे काय? मला पुसून पुन्हा डबीत ठेवले, झाले!

मित्रांनो, कोणाला बिघडलेला ठरवण्याआधी आपल्या हातात काय आहे ते बघत जा. आणि कधी त्या विभागात गेलात, तर दाराजवळच्या कपाटात मी आहे. डबीवरची चिठ्ठी अजून तशीच आहे. तेवढी फाडून टाका.