टाकीवरचा आठचा श्वास

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. त्या रागापायी यंदाच्या मोजणीचा अख्खा हंगाम पाण्यात जाणार होता.

हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात पाण्याची उंच टाकी आहे. तिच्या माथ्यावर मी एक नळी बसवली आहे. नळी वरची हवा ओढते आणि खाली पंपाच्या खोलीतलं यंत्र त्या हवेत मिथेन किती, कार्बन डायऑक्साइड किती, ते दर मिनिटाला लिहून ठेवतं. त्या मिनिटाला वारा कुठून येत होता ते हवामानाच्या नोंदीतून घ्यायचं, दोन्ही जुळवायचं आणि उलटं मागे जायचं, की हा वायू निघाला कुठून आणि किती. तालुक्यात म्हशी किती, एका म्हशीमागे मिथेन किती, असा कागदावरचा अंदाज कुणीही करतं. मला हवेलाच विचारायचं होतं.

यंत्राची राखण बाबासो मामांकडे. मामा गावात पाणी सोडतात, साठीला आलेत. कारखान्याचा सकाळी आठचा भोंगा वाजला की शिडी चढून नळीचं तोंड फडक्यानं पुसायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. मी सांगितलं नव्हतं.

आठ फेब्रुवारीला मी कोल्हापुरातून गावी गेले, नोव्हेंबरपासूनचे आकडे उघडले आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रेषेत रोज एक उंच सुळका! मिथेन जागचा हलत नाही, नुसता कार्बन डायऑक्साइड दुपटीनं उडी मारतो. म्हणजे नळीच्या तोंडाशी माणूस श्वास सोडतोय. सुळके किती वाजताचे आहेत, हे बघायचंही भान मला राहिलं नाही.

"मामा, तुमाला यंत्र राखाय ठेवलंय का त्येच्यावर फुंकाय? समदं माप नासवलं की!"

फडकं हातातच धरून मामा म्हणाले, "मग पुसू नगं म्हंता?"

"पुसा. पर तिथं श्वास सोडू नका."

"बरं, म्याडम."

एरवी ते मला पोरी म्हणतात. ते 'म्याडम' मला लागलं, पण मी गाडीला किक मारली आणि निघाले. परत येऊन सगळे सुळके आकड्यांतून काढून टाकले.

सत्तावीस फेब्रुवारीला पुन्हा गेले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि यंत्राचं घड्याळ कुठल्याशा जुन्या तारखेला सकाळचे सात दाखवत होतं. आतला सेल मेला होता. वीज गेली की घड्याळ थांबायचं आणि आली की थांबलं तिथूनच पुढं चालायचं. किती दिवसांपासून, कुणास ठाऊक.

पुण्याहून धैर्यशील सरांचा फोन आला. सगळ्या जिल्ह्यांचा मिथेनचा अहवाल त्यांच्याकडे जमतो. "संघप्रिया, तू पाठवलेल्या हिशोबात मिथेन निघतोय तो ओसाड माळावरून. काय आहे तिथे?"

"कुसळं, सर. वेळ चुकलीय."

"वेळच खोटी असेल तर वारा कसा जुळणार? हा हंगाम सोडून दे. कोल्हापूरसाठी कागदावरचा अंदाज घेऊ. सोमवारी अहवाल बंद होतोय."

"सोडणार नाही, सर. सोमवारी आकडे देते."

फोन ठेवला तेव्हा हातात काहीच नव्हतं, पण मला खात्री होती. चार महिने मोजलेली हवा अशी वाया जात नाही.

मी मूळ आकडे पुन्हा काढले आणि ज्या सुळक्यांवर मी आग पाखडली होती त्यांच्याकडे नीट बघितलं. दोन सुळक्यांमध्ये यंत्राच्या घड्याळानं कधी तेवीस तास मोजले होते, कधी एकवीस. मामा मात्र चोवीस तासांनीच चढत होते. जितका वेळ कमी पडला, तितकाच वेळ वीज गेलेली! ती नेमकी केव्हा गेली तेही दिसत होतं, कारण यंत्र नव्यानं सुरू झालं की पहिली दहा मिनिटं आकडे डळमळतात. कारखान्यात फोन करून विचारलं. भोंगा घड्याळ बघूनच देतात, मिनिटाचाही फरक नाही.

नोव्हेंबर जुळला, डिसेंबर जुळला, जानेवारी जुळला. आठ फेब्रुवारीनंतर सुळकेच नव्हते, कारण मीच ते बंद केले होते. आणि गोठ्यांच्या बाजूचा वारा नेमका त्या एकोणीस दिवसांतच आला होता. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तरी रेषा मोठी करून बघितली. रोज एक बारीकसा उंचवटा होता. नखाएवढा, पण रोज.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आठच्या भोंग्याला मी टाकीखाली उभी राहिले. मामा उतरले आणि मला बघून कावरेबावरे झाले.

"म्याडम, पुसताना म्या दम धरूनच असतोय. पर उतराय लागलं की तिसऱ्या पायरीवर सुटतोयच बगा. म्हातारं फुफ्फुस हाय. लई बेतानं केलं."

"रोज?"

"रोज की. भोंगा वाजला की वर."

"एक बी खाडा न्हाय?"

"खाडा कशाला हुईल?"

मला रडूच आलं. "मामा, चुकलं माझं. तुमच्या त्या सुटल्याल्या श्वासानं समदा हंगाम वाचिवला."

मामांनी फडकं झटकून खांद्यावर टाकलं. "म्हंजे फुंकाय पायजे व्हतं व्हय?"

त्या उंचवट्यांवरून फेब्रुवारीही जुळला आणि सोमवारी आकडे गेले. मिथेन आता माळावरून नाही, गोठ्यांच्या पट्ट्यातून येत होता आणि कागदावरच्या अंदाजाच्या दीडपट होता. सरांनी दोनदा तपासून घेतलं, मग विचारलं, "वेळेचा आधार काय लिहू?"

"घडलं तसंच लिहा, सर."

अहवालात छापलं आहे: वेळेचा आधार, टाकीचे राखणदार बाबासो शिंगे यांचा श्वास, रोज सकाळी आठ, एकशे एकोणीस दिवस, खाडा नाही.

पुढच्या आठवड्यात नवा सेल घेऊन गेले. भोंगा झाला तशी मामांच्या मागोमाग शिडी चढले. मामांनी फडकं काढलं, गाल फुगवून दम धरला आणि नळी पुसायला लागले. चेहरा लाल झाला तरी सोडेनात.

"सोडा की मामा."

त्यांनी मान हलवली. नळीकडे बोट केलं.

"नासू द्या माप. सोडा."

मोठा श्वास सुटला. धापा टाकत मामा म्हणाले, "बग हां पोरी, परत वराडशील."