हॉट रॉडला घातलेला हार

मित्रांनो, माझं डोकं चार बोटं कापलेलं आहे. तेव्हा सांगताना काही सुटलं तर सांभाळून घ्या. तशी मी एक जुनी, दोन दारांची मोटार आहे. आत दोघांची बैठक आणि मागे सामानाची पेटी. असल्या गाडीला कूपे म्हणतात. किनाऱ्याजवळच्या एडवण गावात मात्र मला कोणी तसं म्हटलं नाही. तिथे मी ‘राहीबाईंची मोटार’.

माझा जन्म परदेशातला. बोटीने मुंबईला आले आणि हात बदलत बदलत एडवणच्या एका पानवेलीच्या वाडीत पोचले. राहीबाई लग्न होऊन सासरी आल्या त्या माझ्यातूनच. पुढे घरधनी मला चालवायचे, शेजारी राहीबाई बसायच्या आणि पेटीत विड्याच्या पानांच्या करंड्या असायच्या. गावातले नवरदेव माझ्यात बसून फोटो काढून घेत. त्यांतल्या बऱ्याच फोटोंत मी स्पष्ट आले आहे.

घरधनी गेले आणि मी गोठ्यात गेले. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी उबवू लागल्या. गावात सगळे माझ्याबद्दल फार आदराने बोलत. मित्रांनो, लोक आदराने बोलू लागले की ओळखावं, आता आपल्याला कोणी चालवणार नाही.

मग राहीबाईंच्या मुलाने, मनीषने, पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या. फाटकापाशी एक खड्डा खणला. त्यात माझी चाकं सिमेंटात पुरायची, खिडकीतून बोगनवेल वर चढवायची आणि सेल्फी पॉइंट करायचा, असा त्याचा बेत होता.

“आये, लोक लांबून लांबून येतील बघ तिला बघायला,” मनीष म्हणाला.

“आन तिला जायचं असंल कुठं तर?” राहीबाईंनी विचारलं.

सरावलीच्या प्रफुल्लला बोलावणं गेलं. प्रफुल्ल मूळचा सांगलीकडचा. तो तारापूरच्या कारखान्यांसाठी टाक्या बनवतो आणि मोकळ्या वेळात जुन्या मोटारींची स्वप्नं बघतो. राहीबाईंनी त्याला अट घातली. दसऱ्याला मी माझ्या पायांनी एडवणला यायचं आणि त्यांना किनाऱ्यापर्यंत फिरवून आणायचं. जमलं तर मी रस्त्याची. नाही जमलं तर खड्डा तयार होताच.

प्रफुल्लने मला सरावलीच्या आपल्या शेडमध्ये नेलं आणि माझी हॉट रॉड केली. फार पूर्वी परदेशातली तरुण पोरं जुन्या मोटारी घेत, त्यांचं नको ते ओझं उतरवत, दांडगं इंजिन बसवत आणि धुरळा उडवत पळवत. तीच ही जात. त्याने माझे मडगार्ड काढले, बॉनेट काढलं. छताचे खांब चार बोटं कापून छत खाली आणलं आणि त्या मापाच्या बारक्या काचा बसवल्या. आठ सिलिंडरचं इंजिन उघडंच ठेवलं. त्यावर दोन कार्बोरेटर, म्हणजे इंजिनासाठी हवा ओढणारी माझी नाकं, आभाळाकडे तोंड करून बसले. धुराच्या नळ्या दोन्ही अंगांनी अशा वळवल्या की वेल्डिंगचा सांधा बोटाला लागू नये. त्याची बायको दीपाली हिने मला पिकलेल्या जांभळाचा रंग दिला आणि चाकं पांढऱ्या काठाची केली. स्वतःबद्दल बोलू नये, पण शेडच्या काचेत मी स्वतःला पाहिलं आणि मलाच माझी ओळख करून घ्यावीशी वाटली. माझ्या आरटीओच्या कागदपत्रांबद्दल विचारू नका. ही मुलांसाठीची गोष्ट आहे.

दसऱ्याला आमच्याकडे ड्रिल मशीनलासुद्धा हार मिळतो. मलाही मिळाला. दीपालीने तो पुढच्या जाळीला तारेने घट्ट बांधला. चाकाखाली लिंबू फुटलं आणि आम्ही निघालो. वाटेत उमरोळीत एक रिक्षावाला मला बघता बघता स्वतःचं वळण चुकला.

एडवणात राहीबाई दारात उभ्याच होत्या. मला बघून त्यांनी तोंडाला पदर लावला.

“अगो बाय! कपडे कुठं गेले हिचे?”

“मावशी, ओझं उतरवलंय,” प्रफुल्ल घाबरत म्हणाला. “चेहरा तोच ठेवलाय.”

राहीबाई माझ्याभोवती फिरल्या. दिव्यावरून हात फिरवला. “तोच हाय,” एवढंच म्हणाल्या.

इतक्यात मनीष झेंडूचा मोठा हार घेऊन आला. मागून शेजारी आपापले हार घेऊन आले. गळा नाही म्हणून सगळ्यांनी ते माझ्या उघड्या इंजिनावर चढवले. इंजिन चालू होतं. प्रफुल्लला धोका दिसत होता, पण दसऱ्याच्या दिवशी हाराला नको कसं म्हणायचं? मी श्वास घेतला आणि छातीत झेंडू गेला. दोनदा ठसकले आणि बंद पडले, ती नेमकी खड्ड्यासमोर.

“बघ आये,” मनीष म्हणाला, “तिलापण हीच जागा आवडली.”

प्रफुल्लने चावी फिरवली. मी नुसती खोकले. पुन्हा फिरवली. मला खड्ड्याच्या तळाची ओली माती दिसत होती.

“थांब रे,” राहीबाई म्हणाल्या. “मनीष, गेल्या साली ज्येष्ठ नागरिकांनी माझा सत्कार केला, आठवतंय? हार नाकापर्यंत आलेला. तुमी टाळ्या वाजवत व्हते आन मना श्वास घेता येत नव्हता.”

“मग बोलली का नाय तेव्हा?”

“बोलायला तोंड मोकळं लागतं, बाबा!”

त्यांनी स्वतः एकेक हार उतरवला आणि मनीषच्या गळ्यात घातला. शेवटी मनीष दिसेनासा झाला. दीपालीने चिमट्याने आतल्या पाकळ्या वेचल्या. प्रफुल्लने चावी फिरवली. मी अशी गरजले की गोठ्यातल्या कोंबड्या वाडीच्या टोकाला गेल्या.

राहीबाई वाकून आत बसल्या. “पूर्वी ताठ बसायची ग मी तुज्यात,” त्या माझ्या दाराला थोपटत म्हणाल्या. “आता मी वाकली, तूपण बुटकी झाली. बरं जमलं.”

किनाऱ्यापर्यंत गेलो. परत येताना त्यांनी लांबचा रस्ता घ्यायला लावला.

त्या खड्ड्यात मनीषने नारळाचं रोप लावलं आहे. ते छान वाढतंय. त्याचा जन्मच एका जागी उभं राहण्यासाठी आहे. तेव्हा मित्रांनो, जुन्यांना हार जरूर घाला. फक्त तोंड मोकळं ठेवा, वेळेवर ऑइल बघा आणि मग जरा बाजूला व्हा. आम्हाला रस्ता लागतो.