उलटं फिरलेलं पाणी

हावगेप्पाने गॅसवर लाल केलेला दाभण प्लॅस्टिकच्या पाइपात खुपसला. चर्र झालं, धूर निघाला आणि तुरीच्या दाण्याएवढं भोक पडलं. खोलीचं दार त्याने आतून लावून घेतलं होतं. बाहेर बोळात घरमालकीण सत्यभामाबाई भिजलेली तूर पत्र्यावर पसरत होत्या आणि स्वतःशीच बडबडत होत्या.

"नळ बंद केल्यासारखं तर आठवायलंय मला. केलाच की. का न्हाई केला?"

नळ त्यांनी बंद केला होता. हे सगळ्या जगात एकट्या हावगेप्पाला ठाऊक होतं.

आळंदात कुणाची पाण्याची मोटार बिघडली की लोक हावगेप्पाचं नाव घेत, आणि ते ऐकायला त्यालाही गोड लागे. गुलबर्ग्याच्या सायबर कॅफेत चित्र बघून त्याने माशांच्या टाकीखाली दुसरी टाकी स्वतः बनवून बसवली होती. फ्रेमवाल्याकडून काचा कापून आणल्या, त्या टाकीत आडभिंतींसारख्या उभ्या करून सिलिकॉनने चिकटवल्या. एक काच तळापासून जरा उचललेली, पुढची काठापेक्षा बुटकी. वरून सांडणारं पाणी एका काचेखालून, दुसरीवरून वळसे घेत, स्पंजातून गाळून निघत शेवटच्या कप्प्यात यायचं आणि तिथली बारकी मोटार ते परत वर चढवायची. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला हावगेप्पा हे दोन-दोनदा समजावून सांगायचा. एकदा सांगून त्याचं पोटच भरत नसे.

फक्त करंट गेल्यावर काय होईल, हा विचार या शहाण्याने केला नव्हता. वीस वर्षं विहिरींवर मोटारी बसवल्या. तिथे पाइपाच्या बुडाला फुटव्हॉल्व्ह असतो, मोटार थांबली तरी चढलेलं पाणी माघारी येत नाही. ती सवय हाताला लागलेली. इथे तसलं काही नव्हतं. त्याच दिवशी सकाळी तो आपल्या दुरुस्तीच्या दुकानात असताना करंट गेला, मोटार थांबली आणि वरच्या टाकीत खोल सोडलेल्या पाइपातून अर्धी टाकी उलटी खाली आली. खालच्या टाकीत मावेना, तेव्हा ती दाराखालून बोळात आणि बोळातून सत्यभामाबाईंच्या आतल्या खोलीत गेली. नेमका तो नळाला पाणी यायचा दिवस, आणि नळ त्याच बोळात.

तो घरी आला तेव्हा त्या खराट्याने पाणी बाहेर लोटत होत्या.

"म्याच नळ उघडा सोडला रे, हावगेप्पा. दोन पोती तूर भिजली. कसलं डोस्कं झालंय माझं!"

त्याने आपल्या दाराखालची ओल बघितली. तोंड उघडलं. बाहेर पडलं ते भलतंच.

"असू द्या अक्का. वयोमानानं होतंय."

बस्स, एवढंच. पण दाभणाने भोक पाडून, पाइप वरच्या टाकीत जागेवर बसवून झाला, तरी ते वाक्य काही त्याच्या घशाखाली उतरेना.

दोन दिवसांनी त्यांचा मुलगा नरसिंग पुण्याहून आला. दिवाळीत त्यांनी गॅस विसरून चालू ठेवला होता, आता हा नळ. आईला एकटं ठेवायचं नाही, असं ठरवूनच तो आला होता. भाजीवालीशी चार आण्यांसाठी तासभर भांडणाऱ्या सत्यभामाबाई मुलापुढे एक शब्द बोलल्या नाहीत. मुकाट्याने लुगडी पिशवीत भरली. हावगेप्पाला हाक मारून म्हणाल्या, "जरा बघ बाबा, मागची कडी लावली का म्या. माझा काय भरवसा?"

कडी लावलेली होती. हावगेप्पाला स्वतःची अशी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. त्याने नरसिंगला आपल्या खोलीत बोलावलं.

"नळ अक्कानं बंदच केला होता. पाणी माझ्या टाकीचं होतं. करंट गेला आन् उलटं फिरलं."

नरसिंग हसला. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अण्णा, तुमचा जीव हाय आईवर, ठाव हाय मला. पर तिच्यासाठी लबाड कामून बोलायलाव?"

"लबाड न्हाई. थांब, दावतो."

त्याने बटन बंद केलं. वरचं पाणी पाइपातून माघारी फिरलं, खालच्या टाकीत चढू लागलं. मग वरचं पाणी भोकापाशी उतरलं तशी भोकाने हवा घेतली, पाण्याची ओढ तुटली, गुळगुळ आवाज झाला, आणि पाणी काठाखाली चार बोटांवर थांबलं.

"बघा की," नरसिंग म्हणाला. "थेंब न्हाई सांडला. तुमच्या हातचं काम सांडंल का कधी?"

हावगेप्पाचे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदाच आपलं काम बिनचूक झाल्याचा त्याला राग आला.

"हे भोक म्या नंतर पाडलं. त्याच दिवशी. दार लावून."

"जाऊ द्या अण्णा. बसची येळ झाली."

"दोन मिनिटं थांब. तुझ्या पाया पडतो."

त्याने मोटार चालू केली. पाणी पुन्हा वर चढेपर्यंत नरसिंगने दोनदा घड्याळ बघितलं. मग हावगेप्पाने बाही वर केली, हात टाकीत घातला आणि पाइपाच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

"आता बटन बंद कर."

नरसिंगने केलं. पाणी चार बोटांपाशी आलं आणि थांबलं नाही. काठावरून सांडलं, फरशीवर पसरलं, नरसिंगचे मोजे भिजवून दाराखालून बोळात गेलं. नरसिंग पाण्याच्या त्या वाटेकडे बघत राहिला. मग त्याने हावगेप्पाकडे बघितलं. खांद्यावर हात ठेवणारा माणूस तो आता नव्हता.

बोळात पिशवी आपटल्याचा आवाज आला. मग घाईघाईची पावलं. मग सत्यभामाबाईंचा आवाज, आधी घाबरलेला आणि पाठोपाठ चढत गेलेला.

"आरं नरसिंग! पाणी आलं बघ! आन् नळ बंद हाय रे! हात लावून बघितलं म्या, बंदच हाय!"

हावगेप्पाने मान वर केली नाही. अंगठाही काढला नाही.